गुगलने फुकटच्या वेबसाईट बंद केल्या. आता यवतमाळच्या फोटोग्राफरने काय करायचं?

5 मार्च 2024 ला गुगलने एक सेवा बंद केली आणि त्याची फारशी चर्चाच झाली नाही. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून दहा मिनिटांत फुकट वेबसाईट बनायची, जिच्या पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साईट' असायचं, ती ही सेवा. 10 जून 2024 पर्यंत जुना पत्ता टाकला की गुगल तुम्हाला त्या दुकानाच्या प्रोफाइलवर आणून सोडायचं. नंतर तेही थांबलं. पान सापडत नाही, विषय संपला.

मोठ्या कंपन्यांना याचा काही फरक पडला नाही, कारण त्यांच्या साईट तिथे नव्हत्याच. फरक पडला तो ब्युटी पार्लर, शिकवणी वर्ग, फॅब्रिकेशनवाले आणि फोटो स्टुडिओ यांना. त्यातही फोटोग्राफरचं दुखणं जरा वेगळं आहे. व्हिजिटिंग कार्ड नवीन छापता येतं, दुकानावरचा फ्लेक्स बदलता येतो. पण करिझ्मा अल्बमच्या शेवटच्या पानावर छापलेला पत्ता? तो अल्बम पुसद-दिग्रसच्या कुठल्यातरी घरात कपाटात वीस वर्षं राहणार आहे. पाहुणे आले की तो बाहेर निघतो, फोटो आवडतात, कोणीतरी मागचं पान उलटतं, क्यूआर कोड स्कॅन करतं, आणि समोर काहीच उघडत नाही.

गंमत बघा, त्याच 5 मार्चच्या रात्री फेसबुक आणि इन्स्टाग्रामही दोनेक तास बंद पडले होते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण ज्याचा धंदा या दोन ठिकाणीच उभा होता, त्याच्यासाठी ती रात्र जरा जडच गेली असेल.

"पण भाऊ, इन्स्टा आहे ना"

यवतमाळात कोणत्याही फोटोग्राफरला वेबसाईटचं विचारलं की हेच उत्तर मिळतं. उत्तर चुकीचं नाही. रील्सवरून बुकिंग येतात, हे मी स्वतः बघतोय. शिवाय 10 जुलै 2025 पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यांवरचे सार्वजनिक फोटो आणि व्हिडिओ गुगलच्या शोधातही येऊ शकतात. मग वेगळी वेबसाईट काहून पाहिजे?

पहिलं कारण जानेवारी 2025 मध्ये सगळ्यांनी बघितलं. इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरची चौकोनी ग्रिड बदलून उभी केली. ज्यांनी तीन-तीन फोटो जोडून एक मोठं चित्र दिसेल अशी मांडणी महिनोन् महिने जपली होती, त्यांची डोकी कापली गेली, कडा विचित्र दिसायला लागल्या. कोणाला विचारलं नव्हतं, विचारायची गरजही नव्हती. जागा त्यांची आहे. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा विदर्भातल्या किती पोरांचे फॉलोअर एका रात्रीत गेले, ते आठवत असेलच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लग्नाच्या फोटोग्राफीचे पैसे कोण देतं? नवरा-नवरी रील बघून फोटोग्राफर पसंत करतात, पण बजेटला हो म्हणणारे बहुतेक वेळा वडील, मामा किंवा मोठे काका असतात. त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप असतं, इन्स्टाग्राम नसतं. पोरीने लिंक पाठवली, काकांनी उघडली, चार-सहा फोटो दिसले आणि समोर लॉगिनचा पडदा आला. काका फोन ठेवून देतात आणि म्हणतात, "आपला नेहमीचाच सांगून टाक." साधी वेबसाईट असती तर त्यांनी दहा फोटो बघितले असते, दर बघितला असता आणि थेट कॉल केला असता.

म्हणजे वेबसाईट कोणासाठी बनवायची, याचं उत्तर काका. तीन-चार वर्षं जुना फोन, चष्मा, ऊन, आणि मारेगाव-झरीजामणीकडचं कमीजास्त होणारं नेटवर्क. 'प्रोफेशनल दिसणारी' साईट म्हणजे या माणसाच्या हातात नीट उघडणारी साईट. लॅपटॉपवर ती किती भारी दिसते, हा नंतरचा प्रश्न.

फोटोचं वजन

फोटोग्राफरच्या साईटचा घात बहुतेक वेळा फोटोच करतात. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 बाय 4000 पिक्सेल. साध्या फोनच्या स्क्रीनची रुंदी असते साधारण 1080 पिक्सेल. त्यावर आडवा फोटो पूर्ण रुंदीत दाखवायला जेवढे पिक्सेल लागतात, त्याच्या तीसपट तुम्ही पाठवता. एक फाइल 10 एमबी धरली तर वीस फोटोंचं पान 200 एमबीचं होतं. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर त्याचा सातवा हिस्सा एका पानात गेला. काका तोपर्यंत थांबतही नाहीत.

उपाय सोपा आहे. वेबसाईटसाठी फोटो वेगळे एक्सपोर्ट करा. लांब बाजू 2000 पिक्सेल, फाइल तीन-चारशे केबीच्या आसपास. फॉरमॅट वेबपी ठेवला तर गुगलच्याच आकड्यांनुसार तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा फाइल 25 ते 34 टक्के लहान होते. आजकालचे सगळे मोबाइल ब्राउझर वेबपी दाखवतात. कोड लिहिणारा मित्र हाताशी असेल तर त्याला एकाच फोटोच्या तीन आकारांच्या फाइल ठेवायला सांगा. फोन आपल्या मापाची उचलतो.

रंगाचंही बघा. अल्बम छपाईसाठी अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये ठेवलेला फोटो तसाच साईटवर टाकला तर बऱ्याच फोनवर तो फिका, मळकट दिसतो. शालूचा लाल रंग विटका दिसला की तुमच्या कॅमेऱ्यालाच नाव ठेवलं जातं. वेबसाठी एसआरजीबी हीच रंगपट्टी निवडायची.

गुगल साईटचा वेग तीन गोष्टींनी मोजतं. पानावरचा सगळ्यात मोठा भाग, तुमच्या बाबतीत पहिला मोठा फोटो, अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर पानाने 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद दिला पाहिजे. ही कसोटी मार्च 2024 मध्ये जुनीच्या जागी आली. आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारायला नको. ही तिसरी गोष्ट तुम्ही हजारदा अनुभवली असेल: 'कॉल करा' दाबायला जाता, तेवढ्यात वरून फोटो लोड होतो, बटण खाली सरकतं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. कोडमध्ये प्रत्येक फोटोची उंची-रुंदी आधीच लिहून ठेवली की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. बाकी फोटो स्क्रोल केल्यावर लोड होऊ दे, पण पहिल्या फोटोला तो नियम लावू नका, नाहीतर तोच उशिरा येतो.

बाकी सजावटीबद्दल फार बोलत नाही. आपोआप वाजणारी सनई नको, स्लायडर नको, फोटोच्या मधोमध स्टुडिओचं नाव नको. फोटो 20 ते 30 पुरे, आणि ते खरोखर तुमचे हवेत. नेटवरून उचललेला परदेशी जोडप्याचा फोटो आपल्याकडचा माणूस एका सेकंदात ओळखतो.

मराठी मजकूर आणि 'कोणतं वणी?'

अल्बमच्या कामामुळे बऱ्याच स्टुडिओंत मराठी टायपिंग अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये चालतं. तोच मजकूर कॉपी करून साईटवर टाकला की नुसती उलटीसुलटी अक्षरं दिसतात. मग काही जण मजकुराचीच इमेज करून चिकटवतात. दिसायला ठीक, पण गुगलच्या दृष्टीने तिथे मजकूर जवळपास नसतोच, आणि काकांना अक्षर मोठं करता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' किंवा 'बालू' हे फाँट फुकट आहेत आणि लहान आकारातही नीट वाचता येतात. पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्ये नोंदवा. फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' ही अक्षरं हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाने दिसतात. बारीक गोष्ट आहे, पण डोळ्याला कळते.

आता गावांची नावं. 'वणी फोटोग्राफर' असं कोणी शोधलं तर गुगलपुढे दोन वणी असतात: आपली कोळशाच्या खाणींची वणी आणि नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगीजवळची वणी. कळंबचंही तसंच, एक आपलं चिंतामणीचं आणि एक धाराशिव जिल्ह्यातलं. म्हणून गावापुढे 'जि. यवतमाळ' लिहायचा कंटाळा करू नका. जिल्ह्यात 16 तालुके आहेत. तुम्ही त्यातल्या कुठपर्यंत जाता आणि प्रवासखर्च वेगळा घेता का, हे पहिल्याच पानावर सांगा. दरही सांगा. नेमका आकडा नको असेल तर 'इतक्यापासून पुढे' चालेल. "दरासाठी संपर्क करा" वाचून लोक संपर्क करत नाहीत, शेजारच्या स्टुडिओला फोन करतात.

गुगलने साईट बंद केली असली तरी बिझनेस प्रोफाइल चालू आहे. नकाशावर स्टुडिओ दिसणं, रिव्ह्यू, फोन नंबर हे काम तेच करतं. ते सोडू नका, फक्त त्यातल्या वेबसाईटच्या रकान्यात आता तुमचा स्वतःचा पत्ता टाका.

ते फोटो कोणाचे?

इथे बहुतेक फोटोग्राफर दचकतात. तुम्ही काढलेले लग्नाचे फोटो तुमचे नसतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे टिपेश्वरच्या जंगलात स्वतःच्या हौसेने काढलेला वाघ तुमचा, पण दारव्ह्याच्या मंगल कार्यालयात पैसे घेऊन काढलेली हळद त्या कुटुंबाची. ती साईटवर लावायची तर परवानगी लागते.

त्यात आता डेटा संरक्षण कायदा आला आहे. कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि धंदेवाल्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. ज्यात माणूस ओळखू येतो असा डिजिटल फोटो हा त्याचा वैयक्तिक डेटाच. संमती स्पष्ट हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. 18 वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांची संमती, तीही पडताळता येईल अशी. बारसं आणि बेबी शूटवर ज्यांचा धंदा चालतो, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

व्यवहारात काय करायचं? बुकिंगच्या पावतीवर तीन चौकटी छापा: सगळे फोटो दाखवू शकता, चेहरा न दिसणारेच दाखवू शकता, एकही दाखवू नका. खाली सही आणि तारीख. मेंदीचे हात, मुंडावळ्या, मांडव, अक्षतांची उधळण यांतूनही साईट छान उभी राहते. घरच्यांनी नंतर फोन केला, "भाऊ, पोरीचा फोटो काढून टाका," तर त्याच दिवशी काढा. साईट तुमची असेल तर ते दोन मिनिटांचं काम आहे.

फोटो निवडायला ग्राहकाला गॅलरीची लिंक पाठवता, तिथेही स्वतःचा पत्ता कामाला येतो. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवून फोन ताब्यात घ्यायचे प्रकार सुरू झाल्यावर पोलिसांनी 2024 मध्ये इशारे दिले. तेव्हापासून लोक अनोळखी लिंकला घाबरतात, आणि घाबरायलाच पाहिजे. पावतीवर छापलेलाच पत्ता लिंकमध्ये दिसला तर माणूस निर्धास्त उघडतो. गॅलरीला पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा, त्याच मेसेजमध्ये नको.

पत्ता कोणाच्या नावावर?

खर्चाची भीती असेल तर सांगतो, 'डॉट इन' नाव साधारण वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. देवनागरीत 'डॉट भारत'ही 2014 पासून मिळतं, पण फोनवर सांगायला आणि इंग्रजी कीबोर्डवर टाइप करायला ते अडचणीचं जातं. दुसरं नाव म्हणून ठेवा. पाच-सहा पानांची साधी साईट फुकट होस्टिंगवरही चालते. होस्टिंग उद्या बंद पडलं तर फाइल उचलून दुसरीकडे ठेवता येतात आणि पत्ता तोच राहतो. अल्बमच्या मागच्या पानावर छापायला योग्य अशी हीच एक गोष्ट आहे.

पण ते नाव विकत घेताना मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. साईट बनवून देणारा पोरगा "मी करून देतो सगळं" म्हणतो आणि नाव स्वतःच्या खात्यावर घेतो. दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो, नूतनीकरणाचा ईमेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. नाव सुटलं की कोणीही घेऊ शकतं. तुमची साईट आधीच असेल तर आजच त्याला फोन करून लॉगिन मागा, आणि नूतनीकरणाची तारीख लग्नाच्या बुकिंगच्या त्याच डायरीत लिहून ठेवा.