पडद्यामागची कामेही वाटून घ्या



यंदा आपल्या शाळेने मोबाईलवर कापूस वेचणीचा सहा मिनिटांचा व्हिडिओ तयार केला. गावाने तो कौतुकाने पाहिला. पण त्यातली कामे कशी वाटली गेली, याविषयी मला माझे मत मांडायचे आहे. कुणाला राग आला तर क्षमा असावी.

काम वाटताना काय होते? ज्याच्या घरचा मोबाईल, तो कॅमेरावाला. जो धीट, तो नट. उरलेल्या पोट्ट्यांनी गर्दी हटवायची आणि पोरींनी पाणी आणायचे. मीही पाणीच आणले. वर "तुले काय समजते त्यातलं?" हे ऐकले. माझे म्हणणे असे, की हाती काम दिल्याशिवाय समजणार तरी कसे?

व्हिडिओ म्हणजे नुसता नट आणि कॅमेरा नव्हे. वावरात वारा सुटला की बोलणे ऐकू येत नाही. म्हणून आवाज धरणारा एक जण लागतो. तो दुसरा मोबाईल बोलणाऱ्याजवळ, पदराआड ठेवतो. आता चित्र एकावर आणि आवाज दुसऱ्यावर, ते जुळवावे कसे? सुरुवातीला एक टाळी वाजवायची. हात जुळलेले दिसतात तिथेच टाळीचा आवाज बसवला, की पुढचे बोलणे ओठांशी बरोबर बसते. सिनेमावाले ती पाटी आपटतात, ते याचसाठी!

उजेड पाहणाराही लागतो. दुपारी ऊन डोक्यावर आले, की डोळ्यांखाली काळी सावली पडते. म्हणून सकाळचे ऊन चांगले. आणि एक नोंदवहीवाली हवी. काल मायच्या डोक्याला कोणता रुमाल होता, कापसाची झोळी कोणत्या खांद्याला होती, हे तिने लिहून ठेवायचे. नाही तर एकाच वाक्यात लाल रुमालाचा पिवळा होतो आणि लोक हसतात.

ही कामे हलकी आहेत काय? दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक करीत, आणि फिल्मला भोके पाडणे, ती धुणे हेही काम करीत. त्या चित्रपटात तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष, कारण त्या काळी या कामाला बाया मिळत नव्हत्या. आज तर आपल्या वर्गात निम्म्या मुली आहेत. मग त्यांना पाण्याच्या कळशीपाशीच का ठेवायचे?

दुसरे उदाहरण प्रभात कंपनीचे. ती १९२९ साली कोल्हापुरात निघाली. तिथे दामले आवाजाचे काम पाहत आणि फत्तेलाल देखाव्यांचे. दोघेही पडद्यामागचे. पण याच दोघांनी १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला त्याचा गौरव झाला. मागची कामे ज्याला येतात, त्यालाच पुढचे नीट सांगता येते, हे यावरून दिसते.

काही जण म्हणतात, "ज्याले जमते त्यालेच करू द्या, नाही तर व्हिडिओ बिघडते." हे थोडे खरे आहे. एका व्हिडिओच्या मधातच कामे बदलू नयेत, नाही तर सारा गोंधळ होईल. तेवढे दिवस दिग्दर्शकाचे सर्वांनी ऐकावे. पण पुढच्या व्हिडिओला चिठ्ठ्या टाकून कामे फिरवावीत. आपली ही शाळा आहे, कंपनी नव्हे. इथे पहिल्यांदा बिघडले तरी चालेल, कारण दुसऱ्यांदा सुधारता येते. आणि मोबाईल घरचा असला तरी तो सर्वांच्या हाती जावा. भीती वाटत असेल तर गुरुजींनी जवळ उभे राहावे.

शेवटची मागणी एकच. व्हिडिओच्या अखेरीस सर्वांची नावे यावीत. टाळी वाजवणाराचे, वही लिहिणारीचे, आणि पाणी आणणारीचेही. आमच्या माया दिवसभर वाकून कापूस वेचतात, पण बाजारात त्यांचे नाव कुठेच येत नाही. त्यांच्यावर काढलेल्या व्हिडिओत तरी तसे होऊ नये.

गाव करी ते राव न करी, असे म्हणतात. मग त्या गावातल्या प्रत्येकाचे नाव घ्यायला काय हरकत आहे?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी