पोर पाडव्याला घरी पाठवा

बीड जिल्ह्यात मी गृहभेटी करते. दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेलं मूल आईकडे परतलं, की फायलीवर ‘पुनर्वसन झाले’ असा शेरा पडतो आणि फाईल कपाटात जाते. माझं भांडण त्या शेऱ्याशी आहे.

एका नऊ वर्षांच्या पोराला घरी पाठवण्याचा आदेश ऐन दिवाळीच्या तोंडावर निघाला. बाप वारलेला, आई ऊसतोडीला जाणारी. मुकादमाची उचल तिने आधीच घेतलेली, त्यामुळे आठवड्यात कारखान्यावर हजर होणं भाग. पोरगं घरी आलं आणि आईलाच विचारू लागलं, “पाणी पिऊ का?” परक्या घरात शहाण्यासारखं राहायला शिकलेलं पोर ते! आईला वाटलं, हा आता आपला राहिला नाही. एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. रात्री दिवा मालवला की तो घाबरतो, हे सांभाळणाऱ्या काकूंना ठाऊक होतं. पण ‘आता संपर्क नको’ असं त्यांना बजावलेलं. कुणाच्या डोक्यातून असले नियम निघतात कोण जाणे.

बाल न्याय कायदा, 2015 मुलाला लवकरात लवकर आपल्या कुटुंबात परतण्याचा हक्क देतो. तो हवाच. पण एका दुपारी सह्या घेऊन पोर हवाली केलं, की तो पुरा होत नाही. आधी काही रविवार आईकडे, मग एखादी सुट्टी, मग मुक्काम, आणि त्यानंतरही काकूंचा फोन चालू, असं व्हायला हवं.

पैशाचंही तेच. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून सांभाळणाऱ्या कुटुंबाला मुलामागे महिना 4000 रुपये मिळतात; आईजवळच्या मुलालाही प्रायोजकत्वाखाली तेवढेच मिळू शकतात. राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिचे 2250. मात्र आईच्या नावाने सगळं नव्याने: उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूदाखला, बँक खातं. ती फडात कोयता चालवत असताना तहसीलला खेटे कोण घालणार? मूल घरी जाण्याआधीच बालकल्याण समितीने ही मदत मंजूर करून घ्यावी.

आणि आदेशाची तारीख हंगाम बघून घाला. गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परततात. तेव्हा पोर पाठवलं, तर जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत आई घरी असते. दिवाळीनंतर ती पुन्हा जाईल, तेव्हा हंगामी वसतिगृहात त्याची जागा धरलेली असू द्या.