पथ्य म्हणजे उपासमार नव्हे

किडनीच्या आजारात डॉक्टर 'प्रोटीन कमी करा' असे सांगतात. घरी पोहोचेपर्यंत त्याचे 'प्रोटीन बंद' होते. डाळ बंद, अंडी बंद, मटण-मासळी बंद. ताटात उरतो पातळ भात आणि लोणच्याची फोड. काही महिन्यांत माणूस वाळतो, दंड-मांड्या सुकतात आणि घरचे म्हणतात, आजार वाढला. आमच्या मते यात आजाराइतकाच दोष अर्धवट समजलेल्या पथ्याचाही असू शकतो.

प्रथिने वापरली गेली की शरीरात युरिया तयार होतो. तो बाहेर टाकणे हे किडनीचे काम. कमजोर किडनीवरचा हा भार कमी करण्यासाठी हे पथ्य आहे. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. किडनी कमजोर आहे, पण डायलिसिस सुरू नाही, अशांना साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तितकीच, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम. तीन भाकरी, वाटीभर भात, वरण, भाजी आणि एक अंडे एवढे त्यात बसू शकते. मात्र पोट भरले पाहिजे. अन्न कमी पडले की शरीर स्वतःचेच स्नायू जाळते आणि युरिया पुन्हा वाढतो.

डायलिसिस सुरू झाल्यावर तर हिशेबच उलटतो. त्या प्रक्रियेत प्रथिने वाहून जातात, म्हणून गरज दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते. तरी अनेक घरांत जुनेच पथ्य चालू राहते. हे थांबले पाहिजे.

'मटण-मासे खाल्ले म्हणून किडनी गेली' असे टोमणे आपल्या माणसांना ऐकावे लागतात. किडनी निकामी होण्याची मुख्य कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही घात करतात. डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितले तर ते जरूर ऐकावे. पण तो औषधोपचार आहे, त्यात पाप-पुण्य नाही. सुकट, बोंबील, खारा मासा टाळायचा तो मुख्यतः मिठामुळे. लोणचे-पापडही त्याच कारणाने टाळायचे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च भागतो, पण ताटात काय वाढायचे हे सांगणारे कोणी भेटत नाही. मिळालाच तर पनीर आणि सफरचंदाचा छापील कागद मिळतो. आमची मागणी साधी आहे: प्रत्येक डायलिसिस केंद्रात आहारतज्ज्ञ हवा, आणि त्याचा तक्ता मराठीत, भाकरी-वाटीच्या मापात हवा. तोवर आपल्यातल्या परिचारिका आणि डॉक्टरांनी रविवारी विहारात अर्धा तास द्यावा.

आणि रुग्णाच्या घरच्यांनी पुढच्या तपासणीला तीन प्रश्न लिहून न्यावेत. दिवसाला नेमके किती ग्रॅम? ते आमच्या रोजच्या जेवणात कसे बसवायचे? डायलिसिस सुरू झाले, आता पथ्य बदलायचे का? उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.