मालमोटारीचे वय आणि ब्रेकचे बळ

हुगळीच्या पूर्व काठावरील गार्डन रीच हा कोलकात्याच्या गोदीचा परिसर. नेताजी सुभाष गोदीतून निघणारे कंटेनर आणि लगतच्या मटियाबुर्जच्या कपडेबाजारातली गर्दी एकाच रस्त्यांवर येतात. अशा ठिकाणी मालमोटार किती जुनी आहे याइतकाच, ती किती अंतरात थांबते हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आपल्या धोरणात मात्र तो मागे पडला आहे.

पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने शहरातून हटवण्याचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ साली दिला. २०२२ साली राष्ट्रीय हरित लवादानेही कोलकाता आणि हावड्यातील जुन्या वाहनांविषयी तशीच भूमिका घेतली. त्यामागची प्रदूषणाची चिंता रास्तच होती. परंतु शहराबाहेर घालवलेले वाहन भंगारात जातेच असे नाही. ते अन्यत्र धावते, त्याच ब्रेकनिशी.

निव्वळ पायाच्या जोरावर चालणारे ब्रेक पॉवर ब्रेकमध्ये बदलणे हा सुज्ञ उपाय वाटतो, पण तो वाटतो तितका सोपा नाही. बूस्टर चालकाच्या पायाचा जोर वाढवतो. झिजलेले लायनर, ड्रम आणि टायर तो सुधारत नाही. डिझेल इंजिन असेल तर बूस्टरसाठी बहुधा स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते, म्हणून संपूर्ण यंत्रणेचाच विचार हवा. शिवाय चालकाला नव्या यंत्रणेची ओळखही हवी. पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे प्राथमिक तपासानंतर सांगण्यात आले. इंजिन बंद झाले की पॉवर ब्रेकचा आधारही थोड्याच वेळात संपतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई करते. हा निर्बंध योग्यच आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजात ब्रेकचे प्रयोग व्हायला नकोत. मात्र याच कलमात २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राला अधिकार दिला आहे, की उत्पादकांना सुरक्षा साधने जुन्या वाहनांत बसवण्याचा निर्देश द्यावा. हा अधिकार ब्रेकसाठी वापरला जावा. प्रत्येक जुन्या मॉडेलसाठी प्रमाणित संच, प्रशिक्षित कारागिराकडून बसवणी, नोंदणीपुस्तकात नोंद आणि योग्यता तपासणीत रोलरवर भारासह ब्रेकचाचणी, एवढी व्यवस्था उभी करता येईल. एकच ट्रक असलेल्या मालकाला त्यासाठी स्वस्त कर्जही मिळावे. ज्या वाहनाला हे परवडणार नाही, त्याने रस्ता सोडावा.

वयाची अट अंमलात आणायला सोपी असते, म्हणून ती प्रशासनाला प्रिय असते. परंतु गोदीच्या फाटकाबाहेर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा जीव नोंदणीच्या तारखेवर नव्हे, शेवटच्या काही मीटरांवर अवलंबून असतो.