आत्याचं पासबुक

कोकणात ‘बोटीवर आहे’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. कुठली बोट, कुठल्या देशाचा झेंडा, घरच्यांना तरी कुठं ठाऊक असतं! पगारातून घरी येणारी महिन्याची अलॉटमेंट जमा झाली की माणूस सुखरूप. माझी आत्या यजमानांची खुशाली पासबुकातच बघायची.

‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’वरच्या खलाशांच्या घरांना हा हिशेब पुरला नाही. २८ सप्टेंबर २०१० रोजी मोंबासाहून डर्बनकडे निघालेलं हे जहाज सोमाली चाच्यांनी पळवलं. वर पंधरा जण, सगळे भारतीय. एप्रिल २०११मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, आठ जण सुटले. उरलेल्या सातांना मात्र चाच्यांनी ठेवून घेतलं. आता पैसे नकोत, म्हणाले, तुमच्या नौदलानं पकडलेली आमची माणसं सोडा. ती शंभराहून जास्त माणसं इथं भारतात कैदेत होती.

चाच्यांना सोडणं सरकारला शक्य नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पण मग त्या सातांचं काय? झेंडा पनामाचा, पळवणारे सोमालियाचे, माणसं तेवढी आपली. घरच्यांनी सरकारी उंबरे झिजवले. सात जण सुटले ते ३० ऑक्टोबर २०१४ला. चार वर्षं उलटून गेली होती.

हे सगळे ओलीस असतानाच, मार्च २०११मध्ये ‘सेव्ह अवर सीफेरर्स’ नावाची जागतिक मोहीम निघाली होती. जहाजमालक आणि खलाशांच्या युनियन एका फलकाखाली. असं दृश्य एरवी पगारवाढीच्या दिवसांत दिसत नाही! मागणी साधी होती: पकडलेल्या चाच्यांना सोडून देऊ नका, खटले चालवा.

खटला चालवायचा तर कायदा हवा. १९९९मध्ये पळवलेलं ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज आपल्या तटरक्षक दलानं आणि नौदलानं पाठलाग करून पकडलं. २००३मध्ये मुंबईत चाच्यांना शिक्षा झाली, २००५मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. त्यानंतरही आपण निवांतच. २०१२चं विधेयक लोकसभेबरोबर बाद झालं. सागरी चाचेगिरीविरोधी कायदा आला २०२३मध्ये. मार्च २०२४मध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं पस्तीस चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा तो हाताशी होता.

या कायद्यात चाच्यांचं काय करायचं ते आहे. ओलीस माणसाच्या घरी कुणी काय कळवायचं, ते नाही. माझ्या मते पुढची मोहीम याचसाठी हवी: खलाशी पळवला गेला की त्याच्या घरी रोज फोन करील असा एक जबाबदार अधिकारी, नावानिशी.

पगाराचं बघितलं गेलंय. ओलीस असतानाही तो चालू राहावा, हा आंतरराष्ट्रीय नियम डिसेंबर २०२०पासून लागू आहे. चांगलंच झालं. पण मालकानं तो पाळला, तर माणूस चाच्यांच्या ताब्यात असतानाही अलॉटमेंट वेळेवर जमा होत राहील, आणि आत्याला पासबुकातून काहीच कळणार नाही.