नवी गाडी, पण घाट कुठाय?

परवा पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, गेममध्ये वंदे भारत येतेय!" तो ऑनलाइन रेल्वेचा खेळ आमच्याकडची सगळी पोरं खेळतात (मीही खेळतो, लपवत नाही). आनंद तर असा, की १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा जणू हाच चालवत होता!

माझं भांडण गाडीशी नाही, घाटाशी आहे. कर्जत-लोणावळा चढ ३७ ला १. बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, म्हणून तर आपल्याला तिथला वडापाव मिळतो. वंदे भारतच्या निम्म्या डब्यांखाली मोटर्स आहेत, त्यामुळे ती बँकरशिवाय चढते. तिची नवलाई ती हीच.

आणि या खेळात? मालगाडीसुद्धा एकट्या इंजिनावर पळत पळत लोणावळ्याला पोचते! मग वंदे भारतने वेगळं काय करायचं, नुसता रंग मिरवायचा? आधी घाट अवघड करा, कर्जतला थांबायला लावा. पोरं कंटाळतील म्हणे. कर्जतला थांबून कधी कुणी कंटाळलंय?

"मामा, तू ना, फार बोअर करतोस," इति भाचा.

असो. गाडी आली की पहिली फेरी मीच मारणार आहे. नातेवाईक मंडळींनी कृपया हे त्याला सांगू नये.