सवलत कोणाच्या नावाची?

नवी मोटार घ्यावयाचे घरात ठरले, की पहिला प्रश्न रंगाचा किंवा इंजिनाचा नसतो. "आपले कोण कोठे नोकरीस आहे?" असा तो असतो. बडोद्यात या प्रश्नास उत्तर मिळाल्याशिवाय राहत नाही. १९६५ पासून चालू असलेला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, बाजव्याचा खतकारखाना, पश्चिम रेल्वेचे विभागीय कार्यालय, १९४९ चे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि सयाजीरावांच्याच कारकीर्दीत १९०८ साली निघालेली बँक ऑफ बडोदा. यांपैकी एखाद्या ठिकाणी सख्खा नाही तरी चुलत भाऊ, मेव्हणा किंवा साडू असतोच. मोटार कंपन्या अशा संस्थांच्या नोकरवर्गास काही सूट देतात. ओळखपत्र आणि अलीकडचे पगारपत्रक दाखविले, की विक्रेता ती किमतीतून वजा करतो. यात गैर काहीही नाही. ज्याला ती मिळण्याजोगी आहे त्याने ती संकोच न करता मागावी. न मागणाऱ्यास विक्रेता आपण होऊन क्वचितच सांगतो.

तथापि या सवलतीचे मोल नीट पारखून घ्यावे. समजा, आठ लाखांच्या गाडीवर नोकरीच्या नात्याने दहा हजारांची सूट मिळाली, आणि त्याच विक्रेत्याने विमा आपल्याकडूनच घ्यावयास लावून बाहेरच्यापेक्षा बारा हजार अधिक घेतले. मग सवलत कोणास मिळाली? विमा कोठून घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे, विक्रेत्याचा नव्हे. पुष्कळदा जुनी गाडी देण्याबद्दलची सूट आणि नोकरीची सूट एकत्र मिळतात. पण नोकरीची व ग्रामीण ग्राहकाची अशा दोन्ही सहसा मिळत नाहीत. म्हणून दोनतीन विक्रेत्यांकडून दारात गाडी येईपर्यंतचा एकूण खर्च लेखी मागवावा आणि शेवटचा आकडा तेवढा ताडून पाहावा. दुसरी गोष्ट अशी, की सूट बिलावरच लिहून घ्यावी. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार विक्रीच्या वेळी बिलात दाखविलेली सूट करपात्र किमतीतून वगळली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर हा कर १८ टक्के आहे. म्हणजे मूळ किमतीत दहा हजार कमी झाले, तर करातही अठराशे वाचतात. मागाहून हातावर ठेवलेल्या पाकिटात हे अठराशे नसतात.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे मोटार कारखान्यातील नोकरास ठरलेल्या सवलतीच्या दराने गाडी मिळण्याची प्रथा जुनी आहे. त्याच्या कुटुंबीयांना, आणि माल पुरविणाऱ्या कारखान्यांतील नोकरांनाही निराळ्या दराने तो लाभ मिळतो. जून २००५ मध्ये जनरल मोटर्सने हा नोकरांचा दर सर्वांनाच खुला केला. पुढच्याच महिन्यात फोर्ड आणि क्रायस्लर यांनी तोच मार्ग धरला. लोकांची झुंबड उडाली आणि काही आठवडे विक्री विलक्षण वाढली. शरद ऋतू आला तेव्हा ती तितकीच ओसरली. सर्वांना मिळते ती सवलत नव्हे, ती किंमतच होय, एवढे त्यावरून कळते. त्याच कंपनीचा आपल्याजवळच्या हालोलचा कारखाना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला आणि त्या वर्षअखेर तिने भारतातील विक्रीही थांबविली. (तो कारखाना पुढे एमजी मोटरने घेतला आणि २०१९ पासून तेथील गाड्या बाजारात आहेत.) तेव्हा सूट पाहताना पुढील दहा वर्षे सुटे भाग कोण पुरवील, हेही विचारावे.

परंतु हे सर्व हिशेबाचे प्रश्न झाले. घराघरांत ज्यावरून नाती ताणली जातात तो प्रश्न निराळाच आहे. बडोद्यात लष्कराची ईएमई शाळा आहे, हवाई दलाचे ठाणे आहे. निवृत्त सैनिकांची वस्तीही मोठी आहे. सैनिकी कॅन्टीनमार्फत मोटार घेतली, तर कराचा अर्धा भार कमी होतो. साहजिकच ही सूट इतर कोणत्याही नोकरीच्या सुटीहून कितीतरी मोठी असते. मग पुतण्या म्हणतो, "काका, तुम्हाला गाडी नकोच आहे, कार्ड तुमचे, पैसे माझे." काका भिडस्त असतात. धाकट्या भावाचा मुलगा. नाही कसे म्हणावे?

नाही म्हणावे. त्याची कारणे केवळ नियमांची नाहीत. ही सवलत सैनिकाच्या सेवेबद्दल आहे; तिला दर्जानुसार मर्यादा आहेत, दोन गाड्यांमध्ये काही वर्षांचे अंतर ठेवावे लागते, आणि कॅन्टीनचा माल परक्यासाठी घेण्यास मनाई आहे. पण नियम बाजूस ठेवले, तरी व्यवहार काकांच्याच गळ्यात पडतो. नोंदणी त्यांच्या नावाची राहणार. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावे गाडी नोंदली आहे तो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. तेथे गाडी अपघातापूर्वीच विकली गेली होती आणि पुढे आणखी हातांतून गेली होती. तरी नोंद मूळ मालकाच्याच नावे राहिली होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. पुतण्याने विम्याचा हप्ता चुकविला आणि रस्त्यावर कोणाचा जीव गेला, तर न्यायालयाची नोटीस निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या काकांच्या दारी येईल. उलट बाजूही पाहावी. मालक-चालकास मिळणारे वैयक्तिक अपघाताचे विमासंरक्षण नोंदणीकृत मालकालाच असते. गाडी चालविणाऱ्या पुतण्याला ते लाभत नाही. काका वारले, तर ती गाडी त्यांच्या वारसांची; पैसे कोणी दिले होते हे चुलत भावंडांना पटवीत बसावे लागेल. शिवाय एकाने पैसे देऊन दुसऱ्याच्या नावे घेतलेली वस्तू बेनामी ठरू शकते. १९८८ च्या त्या कायद्यात जंगम मालमत्ताही येते.

तिकडे डेट्रॉइटच्या परिसरात मोटार कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांनाही मित्रांचे असेच निरोप येतात. तेथील कंपन्या नोकरास आप्तमित्रांना देण्यासाठी मोजके सांकेतिक क्रमांक अधिकृतपणेच देतात. मात्र ते विकणे किंवा नसलेले नाते सांगून वापरणे यास बंदी आहे, आणि त्याचा जाब नोकरालाच द्यावा लागतो. देण्याची मुभा जेथे आहे तेथे आनंदाने द्यावे. नाही तेथे नकार देणाऱ्यास आपल्या माणसांनी तुसडा म्हणू नये.

पुतण्यास मदत करावयाची असेल, तर काकांनी त्याच्यासोबत विक्रेत्याकडे जाऊन बसावे. अनुभवी माणूस शेजारी असला, की घासाघीस चांगली होते. आणि त्यापूर्वी घरातच एक चौकशी करावी. नोकरीची सूट म्हटली, की पुरुषांच्या कचेऱ्याच सर्वांना आठवतात. कंपन्यांच्या याद्यांत शाळा व रुग्णालयेही असतात. सून शिक्षिका किंवा परिचारिका असून तिचे ओळखपत्र कोणी पुढेच करीत नाही, असे बहुधा होते. गाडी मात्र मग तिच्या नावावर नोंदवावी लागेल. त्यास घरात कोणाची हरकत नसावी.